यथामूल प्रतिमुद्रण: जुन्या पानावरचे डाग ठेवायचे की पुसायचे?

बोरू
मंडळी, एका शिळाछाप (दगडावर उतरवलेल्या हस्ताक्षरावरून छापलेल्या) पुस्तकाचं यथामूल प्रतिमुद्रण, म्हणजे मूळ पानांच्या चित्रांवरून हुबेहूब छपाई, करायचं आमच्या छोट्या गटाने मनावर घेतलंय. पुस्तक एकोणिसाव्या शतकातलं आहे, लेखक जाऊन शंभरावर वर्षं झालीत. आमच्या माहितीत त्याच्या दोनच प्रती आहेत आणि दोन्ही अपुऱ्या: एकीची शेवटची पानं गेलीत, दुसरीला कसर लागलीय. स्कॅनिंग उरकलंय. आता पुढच्या कामावरून गटात दोन तट पडलेत.

एक तट म्हणतो, पानं स्वच्छ करा. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र, अक्षर काळं कुळकुळीत, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास नको. दुसरा म्हणतो, डाग, भोकं, समासात कुणी पेन्सिलीने लिहिलेलं, सगळं जसंच्या तसं राहू द्या, नाहीतर 'यथामूल' म्हणवून घेऊ नका. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण लोक वैतागून पुस्तक मिटणार असतील तर हा हट्ट कुणासाठी, हा पहिल्या तटाचा प्रश्नही खोटा नाही.

नव्याने अक्षरजुळणी करून छापायचं नाही, एवढं मात्र ठरलंय. शिळाछापात लेखनिकाने हाताने काढलेलं अक्षर हाच निम्मा ऐवज. तो टाकून नुसता मजकूर घेण्यात आम्हाला रस नाही.

पिवळ्या पानांचं काय करावं? दोन प्रतींतली पानं जोडून एक पूर्ण पुस्तक करणं रास्त आहे का? कागद कोणता घ्यावा? यातलं काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अर्धविराम
पीडीएफ बनवा, आंतरजालावर चढवा, ज्याला हवं तो उतरवून घेईल. कागद, छपाई, बांधणी आणि मग न खपलेले गठ्ठे सांभाळा, हा उपद्व्याप सांगितलाय कुणी?

खिळेजुळारी
आधी त्या पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीचं बोलतो. सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं आणि झाल्याचं कुणाला कळतही नाही.

स्कॅन निव्वळ काळा-पांढरा करताना सॉफ्टवेअर एक सीमा धरतं. तिच्यापेक्षा गडद ते काळं, फिकं ते पांढरं, मधलं काही शिल्लक राहत नाही. रोमन लिपीचं यात फारसं बिघडत नाही, कारण तिथे सुटे ठिपके मोजकेच. आपला अनुस्वार मात्र शिरोरेघेच्या वर एकटा बसलेला. शिळाछापात शाई उडाली असेल तर तो मुळातच फिका उमटलेला असतो. सीमा जरा सरकली की गेला. वर 'ठिपके काढा' अशी एक सोय असते. ती ठरावीक आकाराहून लहान असा प्रत्येक सुटा ठिपका धूळ समजून पुसून टाकते. धुळीचा कण आणि अनुस्वार यात तिला काय फरक कळणार!

१९६२ च्या लेखननियमांच्या आधीच्या मराठीत तर अनुस्वारांची नुसती रेलचेल. घरांत, त्यानें, पुस्तकें, नांव. यातले दहातले तीन उडाले की पुढचा अभ्यासक खुशाल लिहून मोकळा होईल की लेखकाच्या लेखनात सातत्य नव्हतं. 'मुलांस'चं 'मुलास' झालं तर एकाच मुलाचं पुस्तक होऊन बसतं. उलटही घडतं. माशीने शिरोरेघेवर केलेली घाण काळी होते आणि जिथे अनुस्वार नव्हता तिथे येऊन बसतो. करड्या छटांत छापलं तर त्या डागाची कड आणि फिकेपणा निराळा दिसतो, वाचणारा स्वतः ठरवू शकतो.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. करड्या छटांत छापा, जमलं तर रंगीत. पार्श्वभूमी थोडी उजळा, पूर्ण पांढरी करू नका. स्कॅन ४०० पीपीआयच्या (दर इंचाला ४०० चित्रबिंदू) खाली नको. काळं-पांढरंच करायचा निर्णय झाला तर मूळ स्कॅन ६०० चा हवा, आणि एकेक पान मुळाशी ताडून बघणारा चिवट माणूस हवा. मूळ स्कॅनच्या टिफ फाइलींना कुणीही हात लावायचा नाही, सगळी खुडबूड नकलेवर.

आणि मागच्या बाजूची शाई पुढे दिसत असेल तर ती सॉफ्टवेअरने पुसत बसू नका. स्कॅन करताना पानाखाली काळा कागद सरकवा. पाठीमागून परतणारा उजेडच थांबतो आणि मागचं अक्षर बरंचसं मावळतं.

अर्धविराम
माशीने अनुस्वार दिला, हे फार आवडलं. :)

मोरपीस
रोचक धागा. वाचनखूण साठवली आहे. जुन्या पानांना अशी सफेदी करणं म्हणजे दगडी देवळाला ऑइलपेंट फासण्यापैकीच आहे. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हीच पंचाईत.

चष्मेवाली
अर्धविराम, पीडीएफ हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण 'छापायचं कशाला' याचं उत्तर जुन्या आगींमध्ये आहे.

युरोपात बाराव्या शतकात हेराड नावाच्या मठाध्यक्षेच्या देखरेखीखाली एक मोठा सचित्र ज्ञानग्रंथ तयार झाला होता, होर्टस डेलिसिआरुम. १८७० मध्ये स्ट्रासबुर्गला वेढा पडला, ग्रंथालय जळालं आणि ग्रंथ राख झाला. आज त्यातली चित्रं आपल्याला ठाऊक आहेत ती निव्वळ एवढ्यामुळे, की आधीच्या काही दशकांत दोन-चार लोकांनी ती पानं गिरवून घेतली होती. तेव्हा त्यांना कुणी विचारलं असेलच, की अस्सल ग्रंथ समोर असताना हे उद्योग कशाला.

'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. एकच हस्तलिखित. १७३१ च्या आगीतून वाचलं, पण पानांच्या कडा होरपळल्या आणि नंतर वर्षानुवर्षं झडत राहिल्या. १७८७ च्या सुमारास थोर्केलिन या अभ्यासकासाठी त्याच्या दोन नकला झाल्या, एक त्याने स्वतः केली आणि एक दुसऱ्याकडून करवून घेतली. तेव्हा शाबूत असलेली कितीतरी अक्षरं आज मूळ पानावर नाहीत, फक्त त्या नकलांमध्ये आहेत. कसर लागलेल्या प्रतीचं हेच होणार आहे. आजचा स्कॅन पुढच्या पिढीला मूळ प्रतीपेक्षा जास्त सांगेल.

आपल्याकडचं सांगायचं तर फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण. १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं, त्याच शतकात आणखी दोनदा छापलं गेलं, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकसुद्धा छापील प्रत आज ठाऊक नाही. काव्य जगलं ते हस्तलिखितांमुळे.

सांगायचा मुद्दा असा की जगतं ते पुष्कळ ठिकाणी विखुरलेलं. एका सर्व्हरवर एक पीडीएफ म्हणजे पुन्हा एकच प्रत झाली. फाइल तीन-चार वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि शंभरभर छापील प्रती वेगवेगळ्या ग्रंथालयांत जाऊ द्या.

सरळसोट
सगळे एका सुरात गाताय म्हणून जरा विरोध नोंदवतो.

'बुक ऑफ केल्स' या मध्ययुगीन सचित्र हस्तलिखिताची १९९० ची स्विस प्रतिकृती घ्या. १४८० प्रती, रंग हुबेहूब, मूळ चामड्याच्या पानांना जिथे भोकं तिथे प्रतिकृतीलाही भोकं. ठीक आहे, ती चित्रकलेची वस्तू आहे. पण एखादं व्याकरण, वैद्यक नाहीतर गणिताचं पुस्तक असेल तर त्याला हा थाट कशाला? बोरू यांनी पुस्तकाचा विषय सांगितलेला नाही. वाचणाऱ्याला हवा असतो मजकूर. आजच्या विद्यार्थ्याला शिळाछापातली जोडाक्षरं धड लागत नाहीत, त्यात तुम्ही त्याला करड्या पानावरचं करडं अक्षर देणार. तो दोन पानं वाचेल आणि कपाटात ठेवून देईल. मग तुम्ही पुस्तक जपलंत की पुस्तकाचा फोटो?

'बेवुल्फ'चा विषय निघालाच आहे तर त्झुपित्झा या अभ्यासकाची १८८२ ची आवृत्ती बघा. एका बाजूला हस्तलिखिताच्या पानाचं छायाचित्र, समोरच्या पानावर त्याच ओळींचं छापील लिप्यंतर, खाली टिपा. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लोकांनी हा तिढा सोडवून ठेवलाय. डाग हवे त्याने डावीकडे बघावं, वाचायचंय त्याने उजवीकडे.

खिळेजुळारी
सरळसोट, आमनेसामने पानं हा सर्वांत चांगला उपाय आहे, मान्य. फक्त पुस्तक दुप्पट जाड होतं आणि लिप्यंतर करायला जाणती माणसं लागतात. ती नसतील तर चुकांनी भरलेलं उजवं पान शुद्ध असलेल्या डाव्या पानाची अब्रू घालवतं. मधला मार्ग म्हणजे आधी चित्रपानं छापा, लिप्यंतर सावकाश करून आंतरजालावर टाकत जा, सुधारता येतं.

पोथीशोधक
दोन प्रती जोडण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते हा प्रश्न डागांपेक्षा मोठा आहे.

शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला फोलिओ (मोठ्या आकाराचा एकत्रित ग्रंथ) याचं उत्तम उदाहरण आहे. छपाई चालू असताना मध्येच यंत्र थांबवून चुका दुरुस्त व्हायच्या, पण तोवर छापलेले चुकीचे ताव कुणी फेकत नसे. तेही बांधणीत जायचे. त्यामुळे त्याच आवृत्तीच्या दोन प्रती तंतोतंत जुळत नाहीत. चार्ल्टन हिन्मन या अभ्यासकाने वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या प्रती ताडून पाहण्यासाठी एक यंत्रच बनवलं. दोन प्रतींचं एकच पान आळीपाळीने एकाच जागी दिसायचं, आणि जिथे फरक असेल तिथलं अक्षर लुकलुकायचं. मग १९६८ मध्ये त्याने निरनिराळ्या प्रतींतली उत्तम, दुरुस्त पानं निवडून प्रतिमुद्रण काढलं. गंमत अशी की तसं पुस्तक १६२३ मध्ये कुणाच्याच हातात पडलेलं नव्हतं! तरीही ते काम आदर्श मानलं जातं, कारण कुठलं पान कुठल्या प्रतीतलं याचा हिशेब त्याने पुस्तकातच दिलाय.

तेव्हा प्रती जोडायला हरकत नाही, पण पानवार नोंद पाहिजे.

त्याआधी दोन्ही प्रती एकाच छपाईच्या आहेत का, हे तपासा. शिळाछापात हा धोका खास आहे. प्रती संपल्या की दगड घासून दुसऱ्या कामाला घेत. पुढे मागणी आली की तोच मजकूर नव्याने लिहून काढत, कधी दुसऱ्याच लेखनिकाकडून, आणि मुखपृष्ठावरचं साल तसंच ठेवल्याचीही शक्यता असते. ओळखायची युक्ती: ओळीच्या शेवटी बघा. समास गाठायला आला की लेखनिक शेवटची दोन-तीन अक्षरं दाटीवाटीने बसवतो, एखादी वेलांटी वर चेपतो. ती चेपलेली वेलांटी दोन्ही प्रतींत त्याच जागी तशीच असेल तर दगड एकच. नाहीतर एका प्रतीचा स्कॅन लाल आणि दुसरीचा निळा करून एकमेकांवर ठेवा. हिन्मनचं यंत्र आता फुकटात होतं.

बोरू
पोथीशोधक, हे सोन्यासारखं आहे. पहिल्या काही पानांवर लगेच करून पाहिलं. ओळी तंतोतंत बसतात, चेपलेल्या वेलांट्यांसकट. म्हणजे जोडायला मोकळीक. विषय गणिताचा आहे, सरळसोट, तेव्हा आकड्यांचीही काळजी आहे.

ठोकताळा
आकडे म्हणालात म्हणून थांबवतो. पीडीएफ बनवताना फाइल लहान करण्याचा मोह टाळा.

२०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलतात. एका घराच्या आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३ झाली. अक्षर धूसर वगैरे काही नाही, स्वच्छ, ठसठशीत चूक. कारण असं की जेबिग-२ या संकोचनात (फाइल लहान करण्याच्या पद्धतीत) पानावरचे एकसारखे दिसणारे तुकडे शोधून त्यातला एकच साठवतात आणि बाकी जागी त्याचीच नक्कल चिकटवतात. जवळपास सारखा दिसला तरी चिकटवतात. कंपनीने मागाहून दुरुस्ती पुरवली, पण हे संकोचन अनेक पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पर्याय म्हणून असतं.

आता विचार करा, घ आणि ध, भ आणि म, थ आणि य. शिवाय तुमचं पुस्तक गणिताचं. जेबिग-२ चा असा तुकडे बदलणारा (लॉसी) प्रकार बंद ठेवा, एवढंच सांगणं.

सरळसोट
हे माहीत नव्हतं. माझ्या बाजूचा मुद्दा म्हणूनही वापरता येईल: फोटो म्हणजे अस्सल, असं समजून कुणी निर्धास्त राहू नये.

चष्मेवाली
+१. आणि याच्या नेमकं उलट टोक म्हणजे प्रतिकृती इतकी चांगली होणं, की तीच अस्सल म्हणून खपावी.

ब्रिटिश म्युझियमसाठी जॉन हॅरिस नावाचा कारागीर एकोणिसाव्या शतकात जुन्या पुस्तकांची गहाळ पानं लेखणीने हुबेहूब काढून द्यायचा. छापील अक्षरं, बरं का, हाताने काढलेली. पुढे अस्सल कुठलं आणि त्याचं कुठलं हे ओळखता येईना, तेव्हा अशा पानांवर सही घालण्याचा दंडक करावा लागला.

आणि गॅलिलिओच्या १६१० च्या 'सिडेरिअस नुन्सिअस'ची ती बनावट प्रत! चंद्राची चित्रं शाईने रंगवलेली, म्हणून खुद्द गॅलिलिओच्या हातची समजली गेली. ती २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आली, मोठमोठ्या तज्ज्ञांनी तपासून अस्सल ठरवली, तिच्यावर जाडजूड अभ्यासग्रंथ निघाले. २०१२ मध्ये निक वाइल्डिंग या इतिहासकाराच्या पाठपुराव्यामुळे उघड झालं की सगळा बनाव आहे. पानं आजच्या फोटोपॉलिमर (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) पट्ट्यांवरून छापलेली होती. म्हणजे प्रतिमुद्रणाचंच तंत्र, फक्त शेवटचं प्रामाणिक पान गाळलेलं.

म्हणून माझा आग्रह असा की नवी प्रत नवी दिसली पाहिजे. कागद मुद्दाम जुनाट करणं, कडा जाळणं, नकली डाग हे प्रकार नकोत. पुस्तकाच्या आत, मलपृष्ठावर नव्हे, हे प्रतिमुद्रण आहे असं सालासकट छापा. मलपृष्ठ फाटतं, फाडताही येतं.

खिळेजुळारी
कागदाचं राहिलं होतं.

जुनी पुस्तकं ठिसूळ होतात त्यात वयाचा दोष कमी आणि तुरटी-राळेचा जास्त. शाई पसरू नये म्हणून कागदाला राळेचा लेप द्यायचे आणि तो बसावा म्हणून तुरटी. तिने आम्ल तयार होतं आणि ते कागदातला सेल्युलोज आतून तोडत राहतं. १८४० नंतर लाकडाचा भरडलेला लगदा आला, मग तर आनंदच. म्हणून अनेकदा चारशे वर्षांपूर्वीचा चिंध्यांचा कागद आजही लवचीक असतो आणि शंभर वर्षांपूर्वीचा दुमडला की तुटतो.

तोच अपराध आपण पुन्हा करायचा नसेल तर आयएसओ ९७०६ या टिकाऊ कागदाच्या प्रमाणातला कागद मागा. त्यात पीएच ७.५ ते १० च्या दरम्यान असतो आणि पुढे येणारं आम्ल जिरवायला निदान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटचा साठा असतो. बांधणी जुज (दुमडलेल्या तावांचे संच) शिवूनच करा. नुसत्या गोंदावर पाठ चिकटवलेलं पुस्तक सपाट उघडत नाही आणि लोक दाबून उघडतात. कागदाचा धागा (तंतूंची दिशा) पाठीला समांतर हवा, नाहीतर पानं लाटांसारखी वर येतात.

एक फसगत सांगतो. कागद पिवळसर निवडायचा आणि वर स्कॅनची पिवळी पार्श्वभूमीही छापायची, म्हणजे दुप्पट पिवळं. दोन्हीपैकी एकच काहीतरी करा.

मोरपीस
हक्कांचं काय? कुणी आधीच स्कॅन केलेल्या प्रतीवरून छापलं तर?

पोथीशोधक
भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. बोरू यांचं पुस्तक त्यापलीकडे आहे. सपाट पानाच्या निव्वळ हुबेहूब छायाचित्राला नवा हक्क मिळत नाही, असा अमेरिकेत १९९९ मध्ये ब्रिजमन खटल्यात निकाल झाला, पण प्रत्येक देशाचं सारखं नाही. प्रत ज्याच्या मालकीची त्याच्या अटी असू शकतात, त्या लेखी घेऊन ठेवा. नव्याने लिहिलेल्या प्रस्तावनेचा हक्क अर्थातच लिहिणाऱ्याचा.

अवांतर: प्रतिमुद्रण झालं म्हणून मूळ प्रतीची हेळसांड होऊ देऊ नका. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मोठमोठ्या ग्रंथालयांनी वर्तमानपत्रांचे खंड पाठी कापून मायक्रोफिल्मवर घेतले आणि मूळ गठ्ठे विकून किंवा टाकून दिले. फिल्म कृष्णधवल, काही ठिकाणी धूसर, काही अंक गाळलेले. रंगीत पुरवण्या गेल्या त्या गेल्याच.

बोरू
सर्वांचे आभार. गटात चर्चा करून असं ठरवतोय: करड्या छटा, पार्श्वभूमी किंचित उजळ, डाग आणि पेन्सिलीच्या टिपा तशाच, नैसर्गिक पांढरा कागद, शिवलेली बांधणी. लिप्यंतर सावकाश, आंतरजालावर. पहिल्या पानामागे छापायच्या नोंदीचा मसुदा देतो, सुधारणा सुचवा:

'हे मूळ ग्रंथाचे यथामूल प्रतिमुद्रण आहे. ते दोन अपूर्ण प्रतींवरून केले असून कोणते पान कोणत्या प्रतीतील, याची यादी शेवटी दिली आहे. पार्श्वभूमी उजळ करण्यापलीकडे मूळ पानांत कोणताही बदल केलेला नाही. दोन्ही प्रतींत न मिळालेल्या पानांच्या जागी कोरी पाने ठेवली आहेत.'

चष्मेवाली
चांगला आहे. दोन्ही प्रती सध्या कुठे आहेत तेही लिहा, म्हणजे शंका आलेल्याला मुळाशी जाता येईल. कोऱ्या पानांवर 'मूळ पान अनुपलब्ध' असं बारीक अक्षरात छापा, नाहीतर लोक छपाईचा दोष समजून पुस्तक परत आणतील.

खिळेजुळारी
मूळ पानाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये द्या आणि छपाई मूळ आकारात आहे की लहान केली तेही. गणिताच्या पुस्तकात आकृत्या मोजून बघणारा कुणीतरी निघतोच.

ठोकताळा
एक शंका. वर काळा कागद सरकवायला सांगितलाय. पण कसर लागलेल्या पानाखाली काळा कागद ठेवला तर प्रत्येक भोक काळं दिसणार. करड्या छपाईत ते शाईचे ठिपके वाटतील, म्हणजे पुन्हा माशीचेच अनुस्वार.

खिळेजुळारी
बरोबर पकडलंत. तशा पानांखाली पानाच्याच रंगाचा कागद ठेवून एक स्कॅन आणि काळा ठेवून दुसरा, असे दोन घ्यायचे. छापायला पहिला. मागची शाई कुठली आणि भोक कुठलं हे ठरवायला दुसरा. काहीच न ठेवता मात्र कधीच घेऊ नका. भोकातून खालच्या पानाचं अक्षर डोकावतं आणि गणितात कुठला तरी आकडा फुकट वाढतो.

बोरू
कसरीच्या प्रतीतली पानं मग दोनदा घेतो. पहिल्या प्रतीत जे पान धड आहे ते तिथूनच.